लिंबूला जोडीदार आणताना: दुसरा बजी घरी आणण्याआधी काय काय बघायचं?

लोकलमध्ये उभ्यानं ऐकत असाल तर एक हात दांडीला राहू द्या, दुसऱ्या हातानं आवाज थोडा वाढवा. आज मागून सतत चिवचिव येणार आहे आणि ती मी एडिट करणार नाहीये. ती चिवचिव हाच आजचा विषय आहे. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे सगळा एपिसोड इथे लिहून काढलाय.

बजीवाल्या एपिसोडनंतर एक प्रश्न खूप जणांनी विचारला. "माझ्याकडे एकच बजी आहे. तो मला इतका चिकटलाय की मी दिसले नाही तर ओरडतो. आता मला ऑफिसला जावं लागतंय. दुसरा आणू का? आणला तर तो मला विसरेल का? आणि दोघांचं पटलंच नाही तर?"

हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. मी यातून गेलेय, म्हणून आज सविस्तर सांगते. मी पक्ष्यांची डॉक्टर नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, घाटकोपरला पंतनगरमध्ये वन बीएचकेत आई-बाबांबरोबर राहते. पण यावर भरपूर वाचलंय, डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावून सोडलंय, आणि दोन पक्षी माझ्या समोर बसलेत.

आधी एक घोळ मिटवू. मुंबईत तुम्ही कुणालाही बजी दाखवा, दहातले नऊ जण म्हणतील, "अरे वा, लव्हबर्ड!" क्रॉफर्ड मार्केटमध्येही दुकानदार याच नावानं हाक मारतात. पण खरा लव्हबर्ड हा आफ्रिकेतला वेगळा पक्षी. आखूड शेपटीचा, जाड चोचीचा, तापट स्वभावाचा. बजी म्हणजे बजरिगर हा ऑस्ट्रेलियाचा, सडपातळ, लांब शेपटीचा, वजन साधारण ३० ते ४० ग्रॅम. हा फरक आज महत्त्वाचा का? कारण "लव्हबर्डला लव्हबर्ड आणला" असं समजून कुणी बजीच्या पिंजऱ्यात खरा लव्हबर्ड सोडला, तर तो बजीच्या पायाची बोटं तोडू शकतो. म्हणून नाव नीट माहीत करून घ्या.

आणि शेजारच्या काकू हमखास म्हणतात तसं, "त्यापेक्षा आपला हिरवा पोपट आण की, बोलतो तरी!" तर काकू, आपला कंठवाला पोपट पाळणं किंवा विकणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. तो झाडावरच छान दिसतो. आणि बोलायचंच म्हणाल, तर पक ​​नावाच्या अमेरिकेतल्या एका बजीला १,७२८ शब्द येत होते, त्याची नोंद गिनीज बुकात आहे.

आता मुद्द्यावर येऊ. बजी माणसाला इतका चिकटतो कसा?

जंगलात बजी कधी एकटा नसतो. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागात हे पक्षी थव्यानं फिरतात. पाऊस पडून गेला, गवताला बी धरलं की तिकडे. थवा कधी कधी हजारोंचा असतो. त्या गर्दीत आपल्या माणसाला, म्हणजे आपल्या पक्ष्याला, शोधायचं कसं? हाक मारून. प्रत्येक बजीची एक छोटीशी हाक असते, "मी इथे आहे, तू कुठे आहेस?" अशा अर्थाची. आणि ही हाक कायमची ठरलेली नसते. संशोधकांनी बजींना एकत्र ठेवून बघितलंय. काही आठवड्यांत त्यांच्या हाका एकमेकांसारख्या होत जातात. नर-मादीची जोडी जमते तेव्हा तर नर मादीची हाक चक्क शिकून घेतो. म्हणजे बजीच्या जगात "आपण दोघं एकमेकांचे" याचा अर्थ "आपली हाक एक".

आता हा पक्षी १८४० मध्ये जॉन गूल्ड नावाच्या पक्षीतज्ज्ञानं इंग्लंडला जिवंत नेला, तिथून तो जगभर गेला आणि शेवटी आपल्या वन बीएचकेत आला. इथे थवा नाही. मग तो काय करतो? घरातल्या माणसालाच थवा मानतो.

माझा लिंबू २०२१ मध्ये घरी आला. हिरवा-पिवळा, म्हणून लिंबू. तेव्हा माझं काम पूर्ण घरून चालायचं. सकाळच्या स्टँडअपपासून रात्रीच्या रिलीजपर्यंत तो माझ्या खांद्यावर. आणि त्यानं कुठली हाक शिकली असेल? माझ्या मीटिंग कॉलची रिंगटोन! मी किचनमध्ये गेले की हॉलमधून रिंगटोन वाजायची. मी धावत यायचे, लॅपटॉप बंद, आणि हे साहेब मान हलवत बसलेले. त्याच्या दृष्टीनं तो आवाज वाजला की मी येते, म्हणजे तीच आमची हाक. तर्कात काही चूक नाही.

मग ऑफिस सुरू झालं. आठवड्याचे चार दिवस अंधेरी. घाटकोपरहून मेट्रोनं प्रवास तसा छोटा, पण सकाळी साडेआठला निघालं की परत यायला रात्रीचे आठ. आई शाळेत, बाबा त्यांच्या कामावर. म्हणजे दिवसातले सहा-सात तास घर रिकामं. बाबा घरी आले की सांगायचे, "अगं, दारात चावी लावतोय तर आतून तुझी मीटिंग वाजतेय." पहिले काही दिवस आम्ही हसलो. मग तो पिंजऱ्यातल्या आरशाला भरवायला लागला. म्हणजे खाल्लेलं बी घशातून वर आणून आरशातल्या पक्ष्याच्या चोचीत द्यायचा प्रयत्न. बजी आपल्या जोडीदाराला असंच भरवतो. आरसा काही खात नाही, मग हा पुन्हा भरवतो. तासन् तास.

तेव्हा मी दुसऱ्या पक्ष्याचा विचार सुरू केला. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून नियमच आहे, बजीसारखे कळपात राहणारे पक्षी एकेकटे ठेवायचे नाहीत, किमान दोन हवेत. आपल्याकडे असा नियम नाही, पण त्यामागचं कारण भारतातल्या बजीलाही तेवढंच लागू आहे.

थांबा, लगेच दुकानात जाऊ नका. दुसरा पक्षी आणायच्या आधी स्वतःला एकच प्रश्न विचारा. "या दोघांचं कधीच पटलं नाही, तर माझ्याकडे कायमचे दोन पिंजरे ठेवायला जागा आणि वेळ आहे का?"

उत्तर नाही असेल, तर आत्ता नको. कारण दुसरा बजी हा पहिल्याचं खेळणं नाहीये. तोही जीव आहे, नीट सांभाळला तर सात-आठ वर्षं, कधी त्याहून जास्त जगणारा. आपल्या वयाच्या लोकांनी हा हिशोब करायलाच हवा. आठ वर्षांत माझी नोकरी बदलेल, कदाचित शहर बदलेल, लग्न होईल, घर बदलेल. त्या सगळ्यात दोन पिंजरे बरोबर येणार. आमच्याकडे यावर रीतसर बैठक झाली. आई म्हणाली, "आधीच्या एकाची फोलपटं माझ्या पोह्यांत येतात, आता दोघांची येणार." बाबा म्हणाले, "जागा करू, पण सकाळचा झाडू तू मारायचा." ठरलं. तो करार आजतागायत लागू आहे.

आता पक्षी कोणता आणायचा?

बजीच्या चोचीच्या वर, नाकपुड्यांभोवती एक मऊ गादीसारखा भाग असतो, त्याला सिअर म्हणतात. मोठ्या नराचा सिअर निळा. मोठ्या मादीचा पांढरट किंवा तपकिरी. पिल्लात जरा फसायला होतं. पिल्लू नराचा सिअर एकसारखा गुलाबी-जांभळट असतो, तर पिल्लू मादीचा फिकट निळसर आणि नाकपुडीभोवती पांढरी कडी. त्यामुळे "निळा आहे म्हणजे नर" असं लहान पिल्लाच्या बाबतीत धरून चालू नका. पूर्ण पिवळे आणि पूर्ण पांढरे बजी, ज्यांचे डोळे लाल असतात, त्यांच्यात नराचाही सिअर गुलाबीच राहतो.

सर्वसाधारण अनुभव असा की दोन नरांचं छान जमतं. नर-मादीचं जमतं, पण अंडी-पिल्लांची शक्यता येते. दोन माद्यांत भांडणाची शक्यता सगळ्यात जास्त, कारण जागेवर हक्क सांगण्यात मादी जास्त आक्रमक असते. अर्थात प्रत्येक पक्ष्याचा स्वभाव वेगळा. लिंबू नर, म्हणून मी नर शोधला. शक्य असेल तर तरुण पक्षी घ्या. कपाळावरच्या काळ्या रेघा थेट सिअरपर्यंत येत असतील तर तो अजून पिल्लू आहे. तीन-चार महिन्यांचा होऊन पहिली पिसं झडली की कपाळ मोकळं होतं.

घेताना पाच मिनिटं नुसते उभे राहून बघा. पिसं फुगवून, डोळे मिटून कोपऱ्यात बसलेला पक्षी "शांत" नसतो, बहुतेक वेळा आजारी असतो. शेपटीखालची जागा चिकट नको. चोचीवर किंवा पायावर पांढरी खरखरीत पापुद्र्यासारखी पुटं नकोत, ती एक प्रकारची खरूज असते. श्वास घेताना शेपूट वरखाली होत असेल तर नको. दया येते, मला माहितीये. पण घरी आधीचा पक्षी आहे, आधी त्याचा विचार करायचा.

मला भांडुपच्या एका घरगुती ब्रीडरकडे निळा-जांभळा, साधारण तीन महिन्यांचा नर मिळाला. नाव जांभूळ. लिंबूला जांभूळ. फळांची टोपली पूर्ण करायला आता जागा नाही, असं आईनं तिथल्या तिथे जाहीर केलं.

आता सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. क्वारंटाइन. हा शब्द आपल्याला नव्यानं सांगायला नको.

नवा पक्षी किमान ३० दिवस, जमलं तर ४५ दिवस, पूर्ण वेगळा ठेवायचा. वेगळी खोली, वेगळी भांडी, वेगळं फडकं. बजी आजार लपवण्यात पटाईत असतो. थव्यात आजारी दिसलेला पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत येतो, म्हणून तो शेवटपर्यंत ठणठणीत असल्याचं नाटक करतो. तुम्हाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. पोटातलं यीस्ट, खरूज, आणि सिटॅकोसिस. हा शेवटचा आजार माणसालाही होऊ शकतो, ताप आणि खोकल्यासारखा सुरू होतो. घरात पक्षी असेल आणि असा ताप आला तर डॉक्टरांना "आमच्याकडे पक्षी आहे" हे आवर्जून सांगा.

आम्हा इंजिनिअर लोकांच्या भाषेत, नवा कोड आधी स्टेजिंगवर टाकतात, थेट प्रॉडक्शनवर नाही. आणि इथे प्रॉडक्शन म्हणजे चार वर्षं सांभाळलेला जीव, जिथे रोलबॅकचं बटण नाही.

पण वन बीएचकेत वेगळी खोली आणायची कुठून? बेडरूमचं दार लावून ठेवता येतं, पण आमच्या घरात ते दार दिवसातून चाळीस वेळा उघडतं. म्हणून मी मावशीला साकडं घातलं. मावशी मुलुंड पूर्वेला राहते. "एक महिना ठेव गं, फक्त दाणा-पाणी." मावशी म्हणाली, "ठेवते, पण त्याला नाव घेऊन हाक मारणार नाही, जीव लागतो." दुसऱ्या आठवड्यात फोन केला तर ती त्याला "जांभूळराव" म्हणत होती.

तुमच्या ओळखीत असं घर असेल तर जरूर वापरा, मात्र तिथे दुसरा पक्षी नसावा. घरातच ठेवणार असाल तर क्रम पाळा. आधी जुन्या पक्ष्याचं सगळं करायचं, मग नव्याचं, आणि नंतर साबणानं हात धुवायचे. नव्या पक्ष्याला खांद्यावर बसवलं असेल तर टी-शर्टही बदला.

या महिन्यात तीन कामं करायची. एक, पक्षी बघणाऱ्या डॉक्टरांकडून तपासणी आणि विष्ठेची चाचणी. सगळेच पशुवैद्य पक्षी बघत नाहीत, त्यामुळे फोन करून आधी विचारा. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल आहे, मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयही परळलाच आहे. दोन, वजन. किचनमधला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या, त्यावर वाटी ठेवा, वाटीत राळ्याचं कणीस. पक्षी खायला बसला की आकडा टिपून ठेवा. ३५ ग्रॅमच्या पक्ष्याचं वजन तीन-चार ग्रॅमनं उतरलं, तर ती धोक्याची घंटा. मावशी रोज मला आकडा पाठवायची. तीन, ओळख. त्याला तुमच्या हाताची सवय होऊ द्या. नव्या पक्ष्याची तुमच्याशीही मैत्री हवी, नाहीतर तो घाबरतो आणि त्याचं बघून जुनाही घाबरायला लागतो.

महिना झाला, चाचण्या ठीक आल्या. जांभूळ रिक्षानं एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमधून मुलुंडहून घाटकोपरला आला. पिंजऱ्यावर पातळ ओढणी, म्हणजे हवा लागते पण धक्का बसत नाही. मावशी खाली सोडायला आली आणि म्हणाली, "पटलं नाही तर इकडे आण हो." ती मनापासून म्हणत होती, आणि थोडी आशेनंही.

पुढची पायरी. शेजार, पण वेगळे पिंजरे.

दोन पिंजरे एकाच खोलीत, आधी लांब. दोन दिवसांनी जवळ, पण चिकटवून नाही. मध्ये वीतभर अंतर ठेवा, नाहीतर गजांतून बोटं चावली जातात. दोघांच्या दांड्या एकाच उंचीवर ठेवा, म्हणजे कुणी वर, कुणी खाली असं होत नाही. आणि जुन्याच्या पिंजऱ्यातला आरसा काढून टाका. आरशावर जीव जडलेला पक्षी जिवंत पक्ष्याकडे बघतच नाही, उलट आरशाची राखण करतो.

पहिल्या दिवशी लिंबूनं काय केलं? जांभूळकडे पाठ केली आणि माझ्याकडे बघून रिंगटोन वाजवली. लागोपाठ. जांभूळ गप्प. दुसऱ्या दिवशी तेच. आई म्हणाली, "रुसलाय तो." मला तेव्हा खरंच वाटलं की याला हे नकोच आहे, आपण उगाच त्याच्यावर लादतोय. पण या टप्प्यात पक्ष्याकडे नुसतं बघायचं, निकाल द्यायचा नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी मला दिसलं की एक जण दाण्यावर आला की दुसराही स्वतःच्या दाण्यावर येतोय. दुपारी डुलकी काढताना दोघं आपापल्या पिंजऱ्यात शेजारच्या बाजूला सरकून बसताहेत. हीच खूण. सोबत खाणं, सोबत झोपणं, सोबत पिसं साफ करणं. ते दिसेपर्यंत पुढे जायचं नाही. कुणाला चार दिवस लागतील, कुणाला चार आठवडे.

मग पहिली भेट. ती दोघांपैकी कुणाच्याच पिंजऱ्यात नको, बाहेर, मोकळ्या खोलीत. आणि इथे मुंबईच्या घराची चेकलिस्ट लक्षपूर्वक ऐका. पंखा बंद, आणि बटणावर सेलोटेप, कारण घरात कुणीतरी सवयीनं लावतंच. खिडक्या बंद. ग्रिल असलं तरी ग्रिलमधून बजी आरामात जातो, आणि बाहेर कावळे टपलेले असतात. पाण्याची बादली झाकलेली. गॅसवर काही नको, त्यातही नॉनस्टिक तवा तर नकोच. तो जास्त तापला की जो धूर निघतो, तो आपल्याला जाणवतही नाही, पण बजी काही मिनिटांत मरू शकतो. अगरबत्ती, मच्छर कॉइल, परफ्यूमचा स्प्रे, सगळं बंद. नव्या पक्ष्याचे पंख कापलेले असतील तर ही भेट जमिनीजवळ घ्या किंवा पिसं परत येईपर्यंत थांबा, कारण त्याला पळून सुटका करून घेता येत नाही.

राळ्याची दोन कणसं दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. दोन, एक नाही. १५-२० मिनिटं पुरेत. तुम्ही शेजारी बसा, पण मध्ये हात घालू नका.

इथे लोक घाबरतात कारण भांडण आणि बोलाचाली यातला फरक कळत नाही. बजीची बोलाचाली म्हणजे चोच उघडून "क्रॅक" करणं, एकमेकांची चोच टोचणं, एकानं दुसऱ्याला दांडीवरून सरकवणं. हे चालतं. आपल्याकडे चौथ्या सीटसाठी "जरा सरका" म्हणतात ना, तेवढंच ते. खरं भांडण वेगळं असतं. पाय पकडून चावणं, पंख ओढणं, एकमेकांत अडकून खाली पडणं, किंकाळी, रक्त. किंवा एकच जण सतत दुसऱ्याचा पाठलाग करतोय आणि त्याला खाऊच देत नाही. असं दिसलं की वेगळं करा. उघड्या हातानं नाही, मध्ये टॉवेल किंवा वही सरकवा. आणि एक पायरी मागे जा.

आणि पटतंय हे कसं ओळखायचं? डोकं खालीवर हलवून दाखवणं, चोचीला चोच हळूच टकटक, एकमेकांच्या डोक्यावरची पिसं साफ करणं, आणि शेवटी भरवणं. आरशाला नाही, खऱ्या पक्ष्याला. दोन नर असले तरी भरवतात, त्यात काही वावगं नाही.

आमच्याकडे अशा रोजच्या भेटी साधारण तीन आठवडे चालल्या. मग एक पिंजरा. नव्याला जुन्याच्या घरात ढकलू नका. ते त्याचं घर आहे, तो राखण करणारच. शक्यतो दोघांसाठी नवा मोठा पिंजरा घ्या. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण बजी आडवा उडतो. लांबी अडीच फुटांच्या पुढे, गजांतलं अंतर अर्धा इंच. नवा घेणं जमत नसेल तर जुना स्वच्छ धुवा आणि आतली सगळी मांडणी बदला, म्हणजे त्याला ते घर अनोळखी वाटेल. दोन दाण्याच्या वाट्या, दोन पाण्याच्या, दोन झोके. जुना पिंजरा लगेच विकू नका, तो तुमचा बॅकअप.

आणि ते मातीचं मडकं लावू नका! आपल्याकडे पिंजऱ्याबरोबर मडकं फुकट देतात, लोकांना वाटतं पक्ष्याला झोपायला हवं. बजी दांडीवर झोपतो. मडकं म्हणजे घरटं. मादी असेल तर ती अंडी घालायला बसते, आणि घरट्यासाठी शांत पक्षीही मारामारी करतात.

ज्यांच्या जोडीतला एक गेलाय, त्यांच्यासाठी एक वेगळी सूचना. मागे राहिलेला हाका मारतो, खात नाही, आणि आपल्याला वाटतं आजच दुसरा आणावा. थांबा. पहिला कशानं गेला ते आधी बघा. संसर्ग असेल तर नवा पक्षी त्याच संकटात येईल. मागे राहिलेल्याची तपासणी करा, त्याला वेळ द्या, रेडिओ लावून ठेवा, आणि मग महिनाभराचा क्रम तसाच पाळा. दुःखात घाई होते, पण क्वारंटाइन त्यातही चुकवू नये.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. "तो मला विसरेल का?"

विसरत नाही. पण त्याला तुमची गरज कमी होते. हे मी गोड करून सांगणार नाही. लिंबू आधी मी दार उघडलं की खांद्यावर यायचा. आता मी आठ वाजता येते तेव्हा तो जांभूळच्या मानेतली पिसं साफ करत असतो. मान वर करतो, बघतो, आणि परत कामाला लागतो. पहिले काही दिवस मला ते लागलं. ऑफिसातून दमून आल्यावर कुणीतरी फक्त आपली वाट बघत होतं, ही भावना छान असते हो. पण मी तो कमी एकटा व्हावा म्हणूनच तर हे सगळं केलं होतं. तो माझी वाट न बघता मजेत असेल, तर जे हवं होतं तेच झालंय. मला वाईट वाटलं ती माझी गोष्ट, त्याची नाही.

ज्यांना हे झेपणार नाही, त्यांनी दुसरा आणू नये, पण मग रोजचे काही तास खरोखर पक्ष्याला द्यावेत. मधला मार्ग नाही.

नातं टिकवायला मी एकच गोष्ट करते. रोज रात्री लिंबूबरोबर वीस मिनिटं वेगळी, बेडरूममध्ये. राळं आणि गप्पा. आणि जांभूळचीही वेगळी दहा मिनिटं. उलट एक फायदा झाला. लिंबू बिनधास्त हातावर येतो हे बघून जांभूळही यायला लागला, कोथिंबिरीची काडी हातातून घ्यायला लागला. एक जण धीट असला की दुसरा त्याचं बघून शिकतो.

आणि हाक? त्यांची हाक एक झालीये. दोघंही मीटिंगची रिंगटोन वाजवतात. बाबा आता दार उघडून म्हणतात, "कॉन्फरन्स कॉल चाललाय." मी घरून काम करते त्या दिवशी मला खरा कॉल कुठला ते कळत नाही, म्हणून शेवटी रिंगटोन मीच बदलली. ती आता त्यांची झाली.

तर थोडक्यात पुन्हा सांगते, ज्यांना स्क्रीनशॉट घ्यायचाय त्यांच्यासाठी. आधी विचारा, दोन पिंजरे कायम ठेवता येतील का. मग निरोगी तरुण पक्षी. मग ३० ते ४५ दिवस वेगळा, डॉक्टर आणि वजनकाटा. मग वीतभर अंतरावर शेजार. मग पंखा बंद करून बाहेरची भेट. मग मोठा पिंजरा, सगळं दोन-दोन, आरसा नाही, मडकं नाही. कुठल्याही टप्प्यावर गडबड वाटली की एक पायरी मागे. वेळ पक्षी ठरवतात, आपण नाही.

काही पक्ष्यांचं सगळं नीट करूनही पटत नाही. ते दोन पिंजऱ्यांत, एकमेकांना बघत, ऐकत राहतात. तेही एकटेपणापेक्षा बरंच आहे.

तुमच्याकडे जोडी जमवताना काय झालं ते व्हॉइस नोट करून पाठवा. मागे पक्ष्यांचा आवाज असेल तर अजून छान, पुढच्या एपिसोडमध्ये वाजवू. आणि आज घरी गेल्यावर एक काम करा, तुमच्या पक्ष्याच्या पिंजऱ्यात आरसा असेल तर तो त्याच्याशी काय करतो ते दहा मिनिटं बघा. चला, भेटू पुढच्या शनिवारी. काळजी घ्या, पंखा बंद करा!